कळफलकाची नोंद

काचेवर टाइप करणं ताईला कधी जमलंच नाही. न्यायालयात बावीस वर्षं लघुलेखिका म्हणून काढलेल्या बाईची बोटं ती. कळ दाबली की ती खाली गेलेली त्यांना कळायला हवी. फोनवर दोन ओळी लिहायच्या म्हणजे तेलकट ताटावर बोटं फिरवल्यासारखं तिला वाटायचं, आणि लिहायचं एक नि उमटायचं भलतंच.

घरात ती आणि आई, दोघीच. आईला जुना दमा. सहा वर्षांपासून तिची औषधं, वाफारे, डॉक्टरांच्या वाऱ्या सगळं ताईकडेच होतं. धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. चाळिशी उलटली तरी घरात त्याला बारक्याच म्हणत. पोटासाठी तो एका दवाखान्याचे संगणक सांभाळायचा, पण जीव त्याचा एका फोनवर होता. लिनक्स ह्या सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीवर चालणारा हा फोन त्याच्यासारखेच शेदोनशे हौशी लोक ठिकठिकाणी बसून, घरचं खाऊन तयार करत होते. तसाच एक फोन त्याने ताईच्या वाढदिवसाला आणून दिला.

"बाकीचे फोन म्हणजे खिशात पाळलेला हेर, ताई," तो म्हणाला. "तू काय लिहितेस, कुठे जातेस, सगळं कंपनीला कळतं. हा तसा नाही. ह्यात तुझं ते तुझंच."

"मला काय लपवायचंय मेलीला?" ताई हसली. "मला फक्त कळा हव्यात."

कळा आल्या. हाताएवढा लांब, बिनतारी ब्लूटूथ कीबोर्ड. पण हा फोन म्हणजे लाडावलेलं पोर. कीबोर्डशी मैत्री करायला तयारच होईना. पहिल्या रविवारी बारक्या चार तास बसला तेव्हा कुठे दोघांची ओळख पटली. मग देवनागरीची मांडणी बसेना. ती बसली, तर नवीनच तऱ्हा. फोन जरा वेळ स्वस्थ राहून झोपला की कीबोर्ड तुटायचा, आणि जागा झाला की शेवटची कळ अडकून राहायची. ताई 'आई' लिहायला जायची आणि पडद्यावर 'आईईईईई' अशी किंकाळी उमटायची. आई ते बघून खोकला येईपर्यंत हसायची.

"नक्की कधी अडकतं ते बघावं लागेल," बारक्या म्हणाला. "मी ह्यात एक नोंद चालू करतो. कीबोर्ड कधी जोडला, कधी तुटला, ते लिहून ठेवेल आणि रोज संध्याकाळी माझ्या संगणकावर पाठवेल. तुला काही करायला नको. तू आपली लिहीत राहा. जेवढं लिहिशील तेवढा दोष लवकर सापडेल."

"काय लिहू?"

"काहीही. मनात येईल ते."

मग ताईने मनात येईल ते लिहायला घेतलं. बावीस वर्षं ती दुसऱ्यांचं लिहीत आली होती. साक्षीदारांचं, वकिलांचं, बंद दाराआडच्या सुनावण्यांत रडणाऱ्या बायकांचं. त्यातलं अक्षर कधी तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं, आईपाशीसुद्धा नाही. आता कोर्टातून आल्यावर चहाचा कप बाजूला ठेवून ती खिडकीपाशी बसायची आणि स्वतःचं लिहायची. आधी दोनचार ओळी, मग पानंच्या पानं. साहेबांची नक्कल, शेजारणीचा आगाऊपणा, गुडघ्याची कुरकुर. तीन आठवड्यांनी बारक्याचा फोन आला, "सापडला! दुरुस्त केलाय." खरंच, त्या दिवसापासून कीबोर्ड शहाण्यासारखा वागू लागला. ताईने त्याच्यासाठी मफलर विणायला घेतला.

लिहिणं मात्र थांबलं नाही. फोनमधल्या ज्या वहीत ती लिहायची, ती उघडायला तिने संकेतशब्द घातला होता, आणि त्या भरवशावर ती हळूहळू खोल उतरत गेली. एका संध्याकाळी तिने लिहिलं, 'आईचा श्वास भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. मी तो मोजत बसते. कधी वाटतं, तो थांबला तर मी आधी घाबरेन, की आधी हुश्श करेन?' लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचलं. पुसावंसं वाटलं, पण पुसलं नाही. कुठेतरी लिहिलं म्हणून छातीवरचं जरा हलकं झालं होतं.

त्याला तीनेक महिने झाले असतील. एक दिवस ताई घरी आली तर आईने आपली गादी आतल्या खोलीतून बाहेरच्या सोफ्यावर आणलेली.

"हे काय?"

"इथे वारा लागतो."

दुसऱ्या दिवशी आई बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. नळ धो धो वाहत होता. ताईने दार ढकललं. आई तोंडाशी टॉवेल दाबून खोकत उभी होती, डोळे लाल.

"नळ कशाला सोडलास, आई?"

"तुला आवाज जायला नको म्हणून."

"मी कधी म्हटलं मला आवाजाचा त्रास होतो?"

"म्हटलं नाहीस ग. तू कधी काय म्हणतेस?" आईने नळ बंद केला. श्वास लागत असूनही ती तो जपून, हळूहळू घेत होती, जसं कुणाच्या घरी पाहुणं गेलेलं माणूस साखर बेताने घेतं. "माझा श्वास थांबला तर आधी घाबरशील की आधी हुश्श करशील, असं वाटतं ना तुला? वाटणारच. मी नाही हो रागावले."

शब्द न् शब्द ताईचा होता.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"बारक्याने. मला त्याच्याकडे राहायला ये म्हणतोय. मी नाही म्हणत होते, तेव्हा त्याने हे सांगितलं, मग मी हो म्हटलं. तुझ्यापाशी काढू नको म्हणाला होता, तुला वाईट वाटेल." आई ओशाळली. "माझ्या तोंडात तीळ भिजत नाही बघ."

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस ताई एकच विचार करत राहिली. बारक्या आला तेव्हा त्याने वही उघडली असेल? पण संकेतशब्द तिने कुणाला सांगितला नव्हता. मग साक्ष टाइप करताना अचानक तिची बोटं थबकली. नोंद.

शनिवारी कोर्ट अर्धा दिवस. घरी येऊन तिने फोनला आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. नोंदीची फाइल कशी बघायची ते बारक्यानेच एका कागदावर लिहून दिलं होतं. बघावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. फाइल उघडली तर नुसते आकडे. वेळ, मग एक आकडा, आणि त्याच्यापुढे एक किंवा शून्य. अशा हजारो ओळी.

दुसरं कुणी असतं तर डोकं धरून बसलं असतं. पण लघुलिपी म्हणजे तरी काय, खुणाच. आणि खुणांनी ताईला आजवर कधी चकवलं नव्हतं. तिने कीबोर्डची एक कळ दाबली. फाइलच्या तळाशी नवी ओळ उमटली. दाबली की एक, सोडली की शून्य. दुसरी कळ, तिसरी कळ. अर्ध्या तासात तिच्यापुढच्या कागदावर सगळ्या अक्षरांचा तक्ता तयार झाला. मग ती त्या संध्याकाळच्या तारखेपर्यंत मागे गेली आणि पेन्सिल घेऊन बसली. बेचाळीस म्हणजे शिफ्टची कळ, मग अठरा, एकोणीस. आई. पुढे श्वास. पुढे भिंत. सगळं वाक्य आकड्यांच्या ओळीतून तिच्याकडे चालत आलं. त्याच्याआधी, वही उघडतानाची आठ अक्षरंही होती. तिचा संकेतशब्द.

फाइल शेवटची कधी पाठवली गेली तेही तळाशी लिहिलेलं होतं. काल संध्याकाळी सहा वाजता.

रविवारी अकराला बारक्या आईला न्यायला आला. आईची बॅग अर्धी भरून दाराशी ठेवलेली होती. ताईने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, आणि पेल्याशेजारी तो तक्ता.

त्याने तक्ता पाहिला. पेला उचलला नाही.

"ताई, मी मुद्दाम नाही ग वाचलं. कळ कुठे अडकते ते आकड्यांत शोधत होतो."

"आकडे आपणहून अक्षरं होत नाहीत. मला अर्धा तास लागला. तुला किती लागला?"

तो खाली बघून म्हणाला, "प्रोग्रॅम लिहिला. पाच मिनिटं."

"तू म्हणाला होतास, कीबोर्ड कधी जोडला, कधी तुटला, तेवढंच लिहील."

"कळांशिवाय दोष सापडला नसता. तुला समजावत बसलो असतो तर..." त्याने हात झटकला. "आणि ती नोंद फोन बनवणाऱ्या सगळ्यांना द्यायची होती, बाकीच्यांनाही तपासायला. मी तशी नाही दिली. तुझं सगळं लिखाण त्यातून काढलं, मगच बाहेर टाकली. किती जपलं मी तुला!"

"बाहेरच्यांपासून जपलंस," ताई म्हणाली. "आणि घरातल्यांपासून?"

बारक्याने तक्ता उलटा करून ठेवला.

"दोष तीन आठवड्यांत गेला. तूच सांगितलंस. त्याला साडेतीन महिने होऊन गेले. नोंद अजून चालू कशी?"

"बंद करायची राहून गेली."

"राहून गेली, की राहू दिलीस?"

बारक्या खुर्चीत बसला. बराच वेळ पँटच्या गुडघ्यावरचा दोरा ओढत राहिला.

"सहा वर्षं मी ऐकतोय," तो म्हणाला. "बहीण बघ कशी करते आईचं. मावशी म्हणते, माझी बायको म्हणते, आईसुद्धा म्हणते. मला वाटायचं, हिला त्रास होतच नाही, मीच तेवढा नालायक. ते वाक्य वाचलं आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. वाटलं, हीसुद्धा आपल्यासारखीच."

"मग येऊन मला सांगायचंस. मी हो म्हटलं असतं. दोघं मिळून रडलो असतो." ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला न सांगता तू आईला सांगितलंस! लोकांची पापं ऐकली मी बावीस वर्षं, बारक्या. खुन्याचं गुपितसुद्धा घराबाहेर ठेवून आत आले. आणि तू कंपन्यांच्या नावाने बोटं मोडत होतास ना? कंपनीने वाचलं असतं तर फार फार तर मला गुडघ्याचं मलम विकायला आली असती. आईच्या कानात जाऊन सांगितलं नसतं. कुंपणानेच शेत खाल्लं रे माझं."

"मला आईला न्यायचं होतं. ती तयार होत नव्हती. काहीतरी सांगायला..."

"मला न्यायचं होतं, की हिला खाली खेचायचं होतं?" हे आई बोलली होती. ती आतल्या दारात कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. धाप लागली होती तरी वाक्य तिने पुरं केलं. "आज जा तू. बॅग राहू दे. मला यायचं असेल तेव्हा मी फोन करीन."

बारक्या उठला. दारात त्याने मागे वळून "ताई" म्हटलं. ताईने पाण्याचा पेला उचलून आत नेला.

दुपारी दोघी समोरासमोर बसल्या. आईनेच विचारलं, "लिहिलं होतंस खरंच?"

"हो."

"बरं." आईने चष्मा काढून पुसला. "तुझ्या आजीचं मी नऊ वर्षं केलं. हेच वाटायचं. मी लिहीत नव्हते, एवढाच फरक."

ताई रडली नाही. तिला वाटलं होतं ह्या बोलण्याने सगळं धुऊन जाईल, पण तसं झालं नाही. आई गादी घेऊन परत आतल्या खोलीत आली, पण टॉवेल उशीशेजारीच राहिला. खोकल्याची उबळ आली की हात आधी टॉवेलकडे जायचा. ताई म्हणायची, "आई, मोकळं खोक ग." आई म्हणायची, "सवय झाली."

नोंद ताईने स्वतःच बंद केली. कागदावरच्या सूचना वाचत, एकेक आज्ञा टाइप करत, तिने फाइल पुसली, ती रोज पाठवणारा छोटा प्रोग्रॅम काढून टाकला आणि संकेतशब्द बदलला. तो बदलताना मात्र तिने कीबोर्ड बाजूला ठेवला. काचेवर, चुकत माकत, आठ अक्षरं घातली. वही तिने पुन्हा उघडून पाहिली. एक ओळ लिहिली, तीही हवापाण्याची. कुणीतरी वाचणार आहे असं धरूनच बोटं चालत होती.

पुढच्या महिन्यापासून आई महिन्यातले दहा दिवस बारक्याकडे राहू लागली. हे तिघांनी बसून ठरवलं, आणि ठरवताना ताई त्याच्याशी कोर्टातल्या वकिलांशी बोलावं तसं बोलली. नेमकं, नम्रपणे. औषधांच्या वेळा तिने टाइप करून दिल्या. तो "ताई, आता तरी..." असं काही म्हणायला लागला की ती म्हणायची, "आणखी काही आईबद्दल विचारायचंय?" मफलर अर्धा विणून झाला होता, तिने तो उसवला आणि त्या लोकरीचे आईसाठी पायमोजे केले.

मग त्या फोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली. सोबत नेहमीप्रमाणे सुधारणांची यादी. बाहेरचे कीबोर्ड आता झोपेतून उठल्यावर तुटत नाहीत, कळ अडकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली आभार. दुरुस्ती करणारा म्हणून बारक्याचं नाव, आणि त्याच्यापुढे एक ओळ: 'माझ्या बहिणीचे विशेष आभार. तिने रोज मनापासून टाइप केलं, म्हणून हा दोष सापडला.' त्यापुढे तिचं पूर्ण नाव.

ताईने ती ओळ उभ्यानेच वाचली. मग खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढे घेतला. तो लगेच जोडला गेला, एकही कळ अडकली नाही. फोन बनवणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर तिने आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं. दोनच वाक्यं: यादीतलं माझं नाव काढून टाका. ते माझ्या परवानगीने घातलेलं नाही.

तासाभरात कुण्या अनोळखी माणसाने नाव काढलं, आणि खाली लिहिलं, 'काढलं आहे. माफ करा.'

त्याने का म्हणून विचारलं नाही. ताई बराच वेळ 'माफ करा' हे दोन शब्द बघत बसली. घरातून अजून ते आले नव्हते.