खवल्या मांजराची पाठ

तिने खवला अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच वाकवला, आणि रंग पुन्हा तडकला. मधोमध एक बारीक रेघ उमटली आणि तिच्यातून खालचा काळा फोम दिसू लागला.

"गेला?" नवऱ्याने दारातूनच विचारलं.

"गेला."

टेबलावर जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर खवलेच खवले होते. पाठीचे मोठे, मानेचे लहान, शेपटीचे निमुळते. व्यायामाच्या चटईचा असतो तसला मऊ फोम आणून तिने ते कात्रीने कापले होते. मग एकेक तुकडा गरम हवेखाली धरून, अंगठ्याने दाबून त्याला फुगीर आकार दिला होता. गरम हवेचं यंत्र नवऱ्याचं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा आणि आपल्या हत्याराला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. हे यंत्र मात्र त्याने स्वतःच आणून टेबलावर ठेवलं होतं.

पोशाख घालून नुसतं उभं राहायचं असतं तर तडे चालले असते. पण शाळेच्या नाटकात बिबट्या आला की खवल्या मांजराला अंगाची गुंडाळी करून पडायचं होतं. त्या एवढ्या एका गोष्टीसाठी तर ते काम भिंगरीला मिळालं होतं.

"मला हरीण व्हायचं होतं," भिंगरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पण बाई म्हणाल्या, तुझ्यासारखं गोल दुसऱ्या कुणाला होता येत नाही. आणि मावशी, ते मांजर नसतंच मुळी. त्याला कुणी विचारलंच नाही, तुला मांजर म्हणू का म्हणून."

भिंगरी खालच्या मजल्यावरची. वय आठ. तिचं खरं नाव शाळेतच काय ते वापरलं जाई. आई नर्स, वडील जहाजावर. पाच वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की ती तडक वर यायची ती आई येईपर्यंत वरच. मावशीचं काम कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होतं. खोट्या दातांना खऱ्या दातांचा रंग द्यायचा. भिंगरी यायला लागली त्या वर्षी मावशीने सकाळची पाळी मागून घेतली होती. सकाळी बसला गर्दी कमी असते, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. नवऱ्यालाही.

तडकलेला खवला तिने बाजूला टाकला. रंग कोरड्या चिखलासारखा वर बसतोय, फोम वाकतो पण रंग वाकत नाही, हे आता तिच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने पांढरा डिंक पाण्यात सैल केला आणि आधी त्याचेच हात दिले. एक वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. खवल्यांवर दुधाच्या सायीसारखं पातळ कातडं धरलं. त्यावर मग रंग. वाकवून पाहिलं तर रंगही वाकला. तिने नवऱ्याला हाक मारली नाही. तोच खवला पुन्हा पुन्हा वाकवत बसून राहिली.

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले. भिंगरी आली की दप्तर कोपऱ्यात, हातपाय धुणं, दूध, आणि मग दोघी टेबलाशी. भिंगरीने तळाचा गडद तपकिरी रंग द्यायचा. तिच्या हातून खवल्यापेक्षा चादर आणि चादरीपेक्षा कोपर जास्त रंगायचं. मावशीने वरून कोरड्या ब्रशने मधाचा रंग ओढायचा, फक्त कडांना. एकाही खवल्याचा रंग दुसऱ्यासारखा ती होऊ देत नव्हती. एकाला लालसर झाक, एकाला राखाडी, एकाचं टोक झिजल्यासारखं फिकट.

"अगं, सगळ्यांना सरसकट एकच रंग दे की," नवरा म्हणाला. "एवढ्या लांबून कुणाला काय कळणार आहे?"

"कुणाच्या तोंडात सगळे दात एका रंगाचे असतात का?" ती म्हणाली.

त्याने आपली जीभ दातांवरून फिरवली. भिंगरी खो खो हसली.

त्याच हसण्यात, पुढचा खवला उचलता उचलता, ती म्हणाली, "तिकडे माझी वेगळी खोली असणार आहे. खिडकीवाली."

"तिकडे कुठे?"

"आईच्या नव्या हॉस्पिटलात. म्हणजे हॉस्पिटलच्या मागे घरं आहेत ना, तिथे. नाटक झालं की जायचंय. शाळापण नवीन." मग तिला काहीतरी आठवलं. तिने ब्रश तोंडाशी नेला आणि चटकन खाली घेतला. "आई तुला सांगणार होती. मी नाही सांगितलं हं."

"नाही, तू कुठे काय सांगितलंस," मावशी म्हणाली.

तिच्या हातातल्या खवल्यावर मधाचा रंग कडेवरून पार मधोमध ओढला गेला होता. तिने फडक्याने तो पुसला. नवरा खुर्चीवरून उठला, आत गेला, आणि आत त्याचं काहीच काम नसल्यासारखा तसाच परत आला.

भिंगरीची आई दोन दिवसांनी वर आली. अंगावर कामाचेच कपडे होते. बसली नाही.

"ताई, कुठल्या तोंडाने सांगू कळत नव्हतं," ती म्हणाली. "तिथे पाळणाघर आहे, घरही कामाच्या दाराशीच. तुम्ही होतात म्हणून मी इतकी वर्षं नोकरी करू शकले."

"चांगलं झालं गं. तुझी धावपळ किती व्हायची."

"आणि दुसरं म्हणजे..." तिने पदर उगाचच सारखा केला. "नाटकाला एका घराला दोनच पास देतायत. हॉल लहान आहे म्हणे. तिचे बाबा मुद्दाम रजा घेऊन येतायत. मी बाईंना खूप विनवलं, पण त्या ऐकायलाच तयार नाहीत."

"अगं, असू दे. मी तर तिला रोज गोल होताना बघते. आमच्या गालिच्याची पार वाट लागलीय."

दोघी हसल्या. भिंगरीची आई पायऱ्या उतरून गेल्यावर ती टेबलाशी जाऊन बसली. पाठीचे खवले रंगवून झाले होते. तिने ते पुन्हा जवळ ओढले आणि एकेकावर बारीक ब्रशाने मुळापासून टोकापर्यंत केसासारख्या रेघा काढायला घेतल्या. त्या रेघांची काही गरज नव्हती. जेवण झाल्यावरही ती रेघाच काढत होती. नवऱ्याने भांडी घासली, ओटा पुसला, आणि तिच्या डोक्यावरचा दिवा थोडा खाली ओढून दिला.

नाटकाच्या दिवशी पोशाख घालून द्यायला तिला शाळेत जावंच लागलं. नवऱ्याने पोशाखाची गाठोडी दारापर्यंत आणली आणि तो फाटकाशी थांबला. रंगमंचाच्या मागच्या अरुंद जागेत हरणं, अस्वलं, एक चष्मेवाला बिबट्या, अशी झुंबड उडाली होती. भिंगरीने हात वर केले. मावशीने पाठ चढवली, पोटावर पट्टे बांधले, शेपटी अडकवली. उकाड्याने डिंक सैल झाला होता. मानेकडचा एक खवला सुटून आला. तिने पिशवीतून बाटली काढली, चिकटवला आणि बोटाने दाबून धरला.

"वा," एक बाई जवळ येऊन म्हणाल्या. "हे घरी केलंय? तुम्ही आई का तिच्या?"

तिचं बोट खवल्यावरच होतं. तिने उत्तर द्यायच्या आत भिंगरी म्हणाली, "नाही. ह्या आमच्या वरच्या मावशी."

"बरं, वरच्या मावशी, तुम्ही इथेच थांबा," बाई हसून म्हणाल्या. "मध्येच काही निसटलं तर आमच्या नाकी नऊ येतील."

म्हणून ती पडद्याच्या आड, एका लाकडी खोक्याला टेकून उभी राहिली. तिथून प्रेक्षक दिसत नव्हते. त्यांच्या बाजूने नुसता एक ऊबदार काळोख आणि खोकल्याचे आवाज येत होते. मुलंही सगळी पाठमोरीच दिसत होती.

हरणं येऊन गेली. बिबट्याने चष्मा सावरत डरकाळी फोडली आणि कुणीतरी हसलं. मग भिंगरी आत शिरली. चालताना तिचे खवले एकमेकांवर सरकत होते, खरोखर तिच्या अंगचेच असल्यासारखे. मध्यभागी येऊन तिने बिबट्याकडे पाहिलं, गुडघे पोटाशी घेतले, डोकं आत ओढलं आणि ती मिटली. वरचा पिवळा दिवा तिच्या पाठीवर पडला. लालसर, राखाडी, झिजलेल्या टोकांचे, केसाएवढ्या रेघांचे सगळे खवले एकदम ताणले गेले आणि एकही तडकला नाही. हॉलमध्ये चिडीचूप झालं. बिबट्या हुंगत एक फेरी मारून निघून गेला, तरी ती तशीच. तिचा श्वास पाठीवर वरखाली होताना मावशीला दिसत होता. समोरच्यांना तो दिसत असेल की नाही, तिला सांगता आलं नसतं.

टाळ्या पडल्या तशी भिंगरी उलगडली, वाकून नमस्कार केला, आणि पळत सुटली ती पलीकडच्या बाजूने. तिकडे पायऱ्यांशी तिची आई येऊन उभी होती. शेजारी उन्हाने रापलेला एक उंच माणूस होता. त्याने तिला शेपटीसकट उचललं. तिने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मग मान वर करून इकडे तिकडे कुणाला तरी शोधल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात अस्वलांची रांग मध्ये आली.

मावशीने डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. ब्रश फडक्यात गुंडाळले. पिशवी खांद्याला अडकवून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

नवरा फाटकाशी, जिथे सोडला होता तिथेच होता.

"निसटलं काही?"

"नाही."

"मग छानच झालं."

ते चालू लागले. नेहमीच्या बसथांब्यापाशी आले, पण तो थांबला नाही; तीही त्याच्याबरोबर पुढे गेली. दुकानं बंद व्हायला लागली होती. एक न्हावी आपल्या दारातला कचरा रस्त्याच्या कडेला लोटत होता. त्याला वळसा घालून पुढे गेल्यावर नवरा म्हणाला, "मी त्या संस्थेत जाऊन आलो."

"कुठल्या?"

"त्याच." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "गेल्या आठवड्यात. काटा दुरुस्त करायला बोलावलं होतं त्यांनी, बाळांचं वजन करायचा. ते काम झालं. मग म्हटलं, आलोच आहे तर विचारावं. मागे तू दत्तक घेऊ म्हणत होतीस तेव्हा मीच पाय मागे घेतला होता."

ती चालत राहिली. पिशवीतल्या डिंकाच्या नि रंगाच्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या, म्हणून तिने पिशवी छातीशी धरली.

"तिथल्या बाई बऱ्या बोलल्या," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, आता वय झालं म्हणतील. तसं काही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, एकट्याने येऊन उपयोग नाही."

"आत्ता नको बोलू," ती म्हणाली.

"बरं."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी पुढचा चौक ओलांडला. उतरणीला लागल्यावर तिचे पाय आपोआप मंदावले. तिच्या बोटांवर डिंक वाळून पांढरा पडला होता. त्याची पातळ साल ती नखाने काढत होती.

"त्यांच्याकडे," तिने विचारलं, "सगळी अगदी तान्हीच असतात का?"

"नाही," तो म्हणाला. "एक होती चालणारी. मी काटा उघडला तर स्क्रू घेऊन पळाली."

"मग?"

"मग काय. पळालो मागे."