पांढरा हाय, जावा

"कसला दिसतोय?" दत्तोबानं पिकअपच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

"धूर आहे, काका," मागं उभा असलेला भाडेकरू म्हणाला.

"धूर हाय ते मलाबी ठावं हाय. रंग सांगा, रंग."

भाडेकरू बिचारा रात्रपाळी करून आत्ताच परतला होता. त्यानं डोळे चोळले, जांभई दिली, नॉर्मल आहे म्हणून सांगून टाकलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दत्तोबा स्टेअरिंग धरून तसाच बसला. नॉर्मल हा काय रंग झाला? पण बोलणार कुणाला? निघोज्यात आता घरांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त, आणि त्याच्या अंगणातल्या खोल्यांतली माणसं एक तर कामावर तरी असत, नाहीतर झोपलेली तरी.

गाडीचं हेच वाईट असतं. चालवणाऱ्याला तिचा धूर दिसत नाही. पुढचा रस्ता दिसतो, आरशात मागचा ट्रक दिसतो, पण आपण मागं काय सोडत चाललोय ते मागं उभ्या असलेल्या माणसालाच कळतं. दत्तोबाला गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, धूर बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. काळा असला तर डिझेल जास्त जातंय, फिल्टर साफ केला की भागतं. पांढरा असला तर थंडीचा, इंजिन तापलं की आपोआप जातो. निळा मात्र वाईट. निळा म्हणजे इंजिन स्वतःचंच तेल पीत बसलंय. दारुड्यासारखं त्याचंही एकदा सुरू झालं की सुटत नाही.

म्हणून लग्न झाल्यापासून सरुबाईची ती ड्युटीच ठरून गेली होती. गाड्या बदलल्या, ड्युटी बदलली नाही. सकाळी दत्तोबा गाडी चालू करायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि सरुबाई मागं धुण्याच्या दगडापाशी पदर नाकाला लावून उभी राहायची. आरशात तिचा हात वर झालेला दिसायचा आणि पाठोपाठ आवाज यायचा, "पांढरा हाय. जावा." मग दत्तोबा भाजीचे क्रेट घेऊन कंपनीच्या कँटीनकडे निघायचा. गेल्या थंडीत ताप आला म्हणून निजली ती उठलीच नाही. तेव्हापासून आरशात नुसता धुण्याचा दगड दिसतो.

आणि आता गाडीचं आरटीओतलं पासिंग तोंडावर आलं होतं. गेल्या खेपेला एजंटनं कसंबसं निभावून नेलं होतं, या वेळी गाडी नीट तपासतात म्हणे. मुलानं, बाळूनं, फोनवर सरळ सांगितलं होतं की गाडी पास झाली नाही तर भंगारात घालायची आणि आबांनी मुकाट वाकडला त्याच्या फ्लॅटवर राहायला यायचं. बाळूचं म्हणणं काही खोटं नव्हतं, पोरगा मायेनंच बोलत होता. पण दत्तोबा तिथं एक आठवडा राहून आला होता. सकाळी सगळी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला फक्त लिफ्ट, ती मजल्यांचे आकडे सांगायची. इथं तरी दुसरं काय होतं म्हणा. पण कँटीनच्या गेटवरचा वॉचमन रामराम घालायचा, आचारी मेथीच्या जुड्या चिवडून चेष्टा करायचा, की काय हो दत्तोबा, आज भाजी आणली का तण? दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं आणि ते गाडीमुळे व्हायचं. गाडी गेली की तेही गेलं, हे दत्तोबाला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी भाजी पोचवून तो तळवड्याला बुद्धभूषणच्या गॅरेजवर गेला. बुद्धभूषण जुन्या ओळखीचा, फार बोलत नाही पण खोटंही बोलत नाही. त्यानं दत्तोबाला सीटवर बसवून इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः मागं जाऊन उभा राहिला. दत्तोबा आरशात बघत राहिला. हात वर होईना. मग बुद्धभूषण पुढं आला, बॉनेट उघडून तेलाचं झाकण काढलं, तर आतून फुसफुस वाफा यायला लागल्या. पुन्हा मागं जाऊन त्यानं सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते काळं चिकट बोट दत्तोबासमोर धरलं.

"निळा आहे, काका."

"कवापास्नं?"

"हे आजचं नाही. दोन-तीन वर्षं तरी तेल जाळतीय ही. सकाळी चालू करताना तर मागं ढग उठत असेल. कोणी बघत नव्हतं का?"

"बघत व्हती की," दत्तोबा म्हणाला. "रोज बघायची."

बुद्धभूषणनं बोट फडक्याला पुसलं. इंजिन पूर्ण उतरवावं लागेल, आणि उतरवूनही या वयात पासिंगची खात्री मी देणार नाही, एवढं त्यानं सांगितलं.

तळवड्याहून निघोज्याला येईपर्यंत दत्तोबाचं डोकं फिरलं होतं. तेल कमी व्हायचं हे त्याला माहीत होतं, पण इंजिनाखाली चार थेंब पडलेले असायचे, त्या गळतीवर ढकलून तो मोकळा झाला होता. पण सरूनं का सांगू नये? निळा ढग उठतोय आणि ही बया खुशाल म्हणते पांढरा हाय, जावा! खर्च नको म्हणून? की उगाच नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून? वेळेत कळलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. त्याला तिचा खरोखर राग आला. पण गेलेल्या माणसाशी भांडायची काही सोय नसते.

घरी येऊन त्यानं हात पुसायला फडकं शोधलं, सापडेना, म्हणून सरुबाईची ट्रंक उघडली. सगळ्यात वर नवी साडी होती, घडीही न मोडलेली. आभाळी रंगाची.

दत्तोबा तिथंच खाली बसला.

ही साडी तेजलनं, सुनेनं, सरुबाईच्या शेवटच्या दिवाळीला आणली होती. सरुबाईनं ती हातात घेतली, दारात नेऊन उजेडाला धरली आणि म्हणाली, "पांढरी कशापायी आणली गं? माझा नवरा जिता हाय अजून." सगळं घर हसलं होतं. तेजल हसली, बाळू हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो दत्तोबा. सासूची चेष्टा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. सरुबाई क्षणभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तीही हसली. साडी मात्र तिनं कधी नेसली नाही.

आता एकेक उलगडत गेलं. तांदूळ निवडताना ती बोटांनी चाचपायची. शेजारणीकडून सुई ओवून आणायची. अंगणातून भिंतीला हात लावत चालायची. तिला निळं दिसतच नव्हतं. मोतीबिंदूच असणार, दुसरं काय? दोन-तीन वर्षं ती त्या धुरात रोज उभी राहिली, जे दिसलं ते सांगत राहिली, आणि तिला काय दिसतंय हे त्यानं एकदाही विचारलं नाही. आरशात रोज दिसायची की ती त्याला!

आणि त्याहून वाईट एक आठवलं. एकदा हात वर करण्याआधी ती म्हणाली होती, "आवं, करपट वास येतोय." तेव्हा दत्तोबा खेकसला होता, "वास कोण इचारतंय? रंग सांग." मग तिनं रंग सांगितला. त्यानंतर वासाचं नाव तिनं कधी काढलं नाही.

संध्याकाळी त्यानं स्वतःहून बाळूला फोन लावला आणि गाडी रविवारी घेऊन जा म्हणाला. बाळूला वाटलं होतं, म्हातारा भांडेल. तो गडबडलाच. आबा, बरं वाटत नाही का, काय झालं, म्हणून विचारत राहिला.

"काय न्हाई," दत्तोबा म्हणाला. "धूर निळा हाय."

रविवारी बाळू यायच्या आधी दत्तोबानं गाडी पुसून काढली. मग आत बसून चालू केली, उस्तादानं शिकवल्याप्रमाणे ॲक्सिलरेटर दाबला आणि सवयीनं आरशात बघितलं. इंजिन घरघरत ठेवून तो खाली उतरला. मागं आला, धुण्याच्या दगडापाशी सरुबाई जिथं उभी राहायची तिथं उभा राहिला आणि डोळे मिटून घेतले.

धूर अंगावर आला. डोळे मिटूनसुद्धा कळत होतं. कढईतलं तेल करपावं तसा वास येत होता.

"वास येतोय गं," तो म्हणाला.

मग त्यानं डोळे उघडले आणि तिच्यासारखा हात वर केला. समोर आरसा होता. गाडीत निघायला कोणी नव्हतं.