अद्रकाचं पाणी

दौलताबादच्या पुढं डोंगर कापून रेल्वेचे रूळ नेलेत. त्या खिंडीच्या माथ्यावर सांडू जाधवांचं दीड एकर अद्रक होतं. सप्टेंबर संपत आला तरी पाऊस हटेना. सऱ्यांत पाणी तुंबलं, पानं पिवळी पडू लागली. अद्रक एकदा सडायला लागलं की हाती काही राहत नाही. सांडूंनी फावडं उचललं, बांध फोडला, चर खणला आणि सगळं पाणी खिंडीकडं काढून दिलं.

रुळांवर गस्त घालणाऱ्या, रेल्वेच्या गँगमधल्या रूपानं ते खालून पाहिलं. धापा टाकत ती वर आली.

"काका, हा चर बुजवा. पाणी आत मुरलं तर दरड रुळावर येईल."

"तू रूळ बघ. माझ्या रानाचं मला कळतं," सांडू खेकसले.

"आजच्या आज बुजवा. मी वर साहेबांना कळवत नाय," म्हणत ती उतरून गेली.

सांडूंनी चर बुजवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पायाखालची जमीन हादरली. बांधापलीकडचा मुरूम, दगड, दोन कडुलिंब, सगळं रुळावर जाऊन पडलं. लाल झेंडी घेऊन रूपा वळणाकडं पळत सुटली. गाडी ढिगाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर थांबली.

गाडीतली माणसं लेकरांना कडेवर घेऊन, भिजत वर आली. सांडू आणि त्यांची बायको सारजाबाई यांनी त्यांना गोठ्यात बसवलं, चहा दिला, खिचडी रांधली. एकानं मोबाइल समोर धरला. "हे काका नसते तर आमचे लई हाल झाले असते!" सांडूंना त्या मोबाइलकडं बघवेना.

दुपारी रेल्वेचे साहेब आले. "इतकं पाणी इथं आलं कुठून?"

"पाऊसच तसा झाला, साहेब," सांडू बोलून गेले.

सारजाबाईंनी पातेलं जाग्यावर ठेवलं आणि त्या घरात निघून गेल्या.

रविवारी ग्रामपंचायतीनं सांडूंचा सत्कार ठेवला. शाल खांद्यावर पडली तेव्हाच शेजारचे पुंजाराम कानाशी कुजबुजले, "ती गँगवाली पोरगी हाय ना, तिला घरी बसवलं म्हणं. दरडीकडं तिचं लक्षच नव्हतं." सांडूंना शाल ओढून काढावीशी वाटली. हात उचलला नाही. उलट फोटोसाठी ते आणखी सरळ उभे राहिले.

घरी आल्यावर सारजाबाईंनी शालीला हात लावला नाही. "कुठं ठिवायची ती तुम्हीच बघा."

सोमवारी सांडू रेल्वेच्या ऑफिसात गेले. चर कुणी खणला, रूपानं कसं बजावलं होतं, सगळं सांगितलं. तिचं भलं होईल असं त्यांना वाटलं होतं.

साहेबांनी पेन थांबवलं. "म्हणजे तिला आधीच माहीत होतं? आणि तिनं कळवलं नाही?"

सांडूंनी हात जोडले, पण साहेबांचं पेन पुन्हा चालू लागलं.

सांडूंवर गुन्हा दाखल झाला. रूपाला कामावर घेतलं, पण ठपका ठेवून, घरापासून लांबच्या पट्ट्यात. जायच्या आदल्या दिवशी ती रुळांवर भेटली.

"पोरी, चुकलं माझं."

"चुकलं माझंच, काका," ती म्हणाली. "तुमच्या पिकल्या केसांकडं बघून गप बसले."

ती पुढं निघून गेली. सांडू खडीवर उभे राहिले. गाडीची शिट्टी झाली तेव्हा कुठं बाजूला सरले, आणि डब्यांतल्या माणसांना तोंड दिसू नये म्हणून दरडीकडं वळले.