नवसाच्या कोंबड्याची पिसं

गोजराबाईंनी कोंबड्यावर पालथा घातलेला झाप उचलला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. देवीला कबूल केलेला कोंबडा समोर उभा होता आणि त्याची मान निम्मी उघडी होती. लांब, सोनेरी पिसं तेवढी निवडून उपटलेली. मांजराचं काम नव्हे हे. मांजर इतकं चोखंदळ नसतं.

चोर घरातलाच होता आणि कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गेल्या वर्षी कंपनीतल्या मशीनमध्ये त्यांच्या रूपेशचा उजवा हात सापडला आणि तीन बोटं मिटेनात. डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा गोजराबाई देवीपुढे उभ्या राहिल्या. पोराची मूठ वळू दे, हाच कोंबडा तुला देईन, आणि तोवर मासा तोंडात घालणार नाही. सारसोळ्याच्या कोळणीनं मासा सोडायचा म्हणजे काय, ते बिल्डिंगवाल्यांना कळायचं नाही. सकाळी बाजारात हलवा-पापलेट विकायचं आणि दुपारी घरी येऊन वरणभात गिळायचा, असे आठ महिने चालले होते. आणि नवसाच्या कोंबड्याला खोट चालत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बोटांना व्यायाम म्हणून रूपेशनं मोबाइलवर बघून एक नाद लावून घेतला होता. गळाला दोरा आणि पिसं गुंडाळून नकली किडा बनवायचा, तो खाडीत भिरकावून मासा फसवायचा. त्यावर कडी म्हणजे पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. कोळ्याच्या घरात! गोजराबाईंनी हे वेड इतके दिवस आजारपणात धरलं होतं. आज त्या वरच्या खोलीचा जिना चढल्या त्या हातात चप्पल घेऊनच.

दारातच त्यांचे पाय थांबले. टेबलाला लावलेल्या चिमट्यात गळ धरला होता आणि रूपेश त्यावर पीस गुंडाळत होता. न मिटणारी ती तीन बोटं दोरा ताणून धरत होती, सैल सोडत होती, गाठ मारत होती. एकेक वेढा बसला की तो स्वतःशीच हसत होता. अपघातानंतर त्याचं असं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

कधीपासून वळतात बोटं, असं त्यांनी विचारलं. तो दचकला. मग खाली मान घालून म्हणाला, दोन महिने झाले.

"मना सांगितलास का नाय?"

"सांगितलं असतं तं तू कोंबडा दिला असतास, आये. असं पीस दुकानात मिलत नाय."

मग मात्र गोजराबाईंनी तोंडाला येईल ते ऐकवलं. दोन महिने! पिसांसाठी आईला उपाशी ठेवलं, देवीला ताटकळत ठेवलं. बरं, आता तरी नवस फेडावा, तर कोंबडा उघडा. पिसं येतील परत महिन्या-दीड महिन्यात, असं तो पुटपुटला. म्हणजे आणखी दीड महिना वरण.

त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं चिमट्यातला गळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. पिसांची कोळंबी होती. विकायला मांडलेली नव्हे, पाण्यातली, जिवंत, पाठ वाकवून मागे उडी घेणारी. डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. चाळीस वर्षं कोळंबी हाताळलेल्या बाईला तिच्यात खोड काढायचीच होती.

"मिशा आखूड झाल्या," त्या म्हणाल्या.

रूपेश खुलला. बरोबर आहे म्हणाला, पण लांब पिसं संपली. आणि त्याची नजर खाली अंगणाकडे गेली.

"खबरदार," गोजराबाई म्हणाल्या. "सुंदर केलीस रे. म्हनून तं जास्त राग येतो. कोंबड्याची मान भरेपर्यंत तुझ्या ताटातपन मासा नाय."

त्या तरातरा खाली गेल्या आणि दोघांपुरती डाळ शिजत टाकली.