काळ्यापुढची तपेली

लातूर जिल्हा झाला तेव्हा उदगीरकडच्या त्या गावात एवढाच फरक पडला, की पाण्याच्या टँकरवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं गेलं. पाणी पूर्वीइतकंच, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण दुष्काळ पडला म्हणून माणसं सिनेमा बघायची थांबतात थोडीच! कोरड्या तळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि कुत्र्याच्या सिनेमाला अख्खं गाव लोटलं. पडद्यावरचं ते गुबगुबीत कुत्रं आगीतून पोर ओढून काढतं आणि मालकीण त्याच्या जबड्यात हात घालून लाडानं घास भरवते. बायकांचे पदर भिजले. शांतम्माही रडली. घरच्या काळ्या कुत्र्याला तिनं कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या सिंधूनं तोच खेळ मांडला. भाकरीचा तुकडा मुठीत धरून तिनं हात काळ्याच्या तोंडात घातला. उपाशी काळ्यानं भाकर ओढली आणि दात मनगटात रुतले. पोर किंचाळली.

रक्त बघून शांतम्मानं पोरीच्या मनगटाला पदर गुंडाळला. हिवाळ्यात शिवारात पिसाळलेला कोल्हा कुत्र्यांना चावला होता. त्यातलंच एक कुत्रं व्यंकटी गुराख्याला चावलं, आणि तो पाण्याचं भांडं दिसलं की ओरडायचा. ओरडून ओरडूनच गेला. घरात नवरा नव्हता, वीरण्णा उदगीरच्या बाजाराला गेलेला. तिनं पोरीला पोटाशी धरलं, पण काय करावं ते सुचेना.

शेजारचे अण्णाराव काठी घेऊन आले. उन्हानं काळ्याला धाप लागली होती, तोंडातून लाळ गळत होती.

"पानी ठिवा त्याच्याम्होरं," अण्णाराव म्हणाले. "प्यालं तर शहानं. न्हाई प्यालं तर पिसाळलं हाय. मंग लेकराचं बी काय खरं न्हाई."

"रांजण कोरडा हाय, अण्णाराव. टँकरच आला न्हाई."

घरात पाणी होतं ते एकाच ठिकाणी. लिंगपूजेसाठी पितळी तपेलीत झाकून ठेवलेलं. तिनं तीच आणली.

तपेली समोर येताच काळ्या मागं सरकला. शेपूट पायांत घालून भिंतीला चिकटला आणि थरथरत कुंईकुंई करू लागला. जमलेल्या बायांनी आपापली लेकरं मागं ओढली.

"झालं," अण्णाराव म्हणाले आणि काठी उचलली.

व्यंकटीचं ओरडणं शांतम्माला सिंधूच्या आवाजात ऐकू येऊ लागलं. ती काळ्याकडं बघत राहिली आणि एकाएकी तिच्या ध्यानात आलं, की तो पाण्याकडं बघतच नाही. तो तिच्या हाताकडं बघतो आहे. पूजेच्या तपेलीला नाक लावलं की ती त्याला चुलीच्या फुंकणीनं बडवायची. उन्हाळाभर बडवलं होतं. तो प्यायचा ते मोरीच्या खड्ड्यातलं खरकटं पाणी, आणि हल्ली भांडी राखेनं पुसून घेतात, तर खड्डाही कोरडाच.

"थांबा, अण्णाराव. त्याला मारू नगा."

तिनं तपेली उचलली आणि मोरीच्या खड्ड्यात उपडी केली.

"अवं, पूजेचं पानी!" कुणीतरी पुटपुटलं.

"देव ऱ्हाईल एक दिस कोरडा," ती म्हणाली. पण पाणी मातीत जिरत चाललं होतं आणि काळ्या हलत नव्हता. मग तो पोटावर सरपटत पुढं आला, तिच्याकडं बघितलं, आणि चिखलासकट पाणी लपालपा पिऊ लागला.

अण्णारावांनी काठी टेकवली. "तरी बी पोरीला उदगीरच्या दवाखान्यात न्या. सुया घ्याव्याच लागत्यात."

"हाव, आत्ताच निघते," शांतम्मा म्हणाली. मोटारीला जायचं म्हणून ती उठली, आणि उठता उठता काळ्याच्या डोक्यावरून फिरवायला तिनं हात पुढं केला.

काळ्यानं पिणं थांबवलं. डोळे गच्च मिटले आणि फटका खायला मान खाली घातली.