एकोणीस मतांची निवडणूक

मतदारसंघ मोडीत निघाला आणि मग वाचनालयाच्या मंडळाला त्याचा उमाळा आला. सीमा नव्याने आखताना सरकारने उपनगराचे दोन तुकडे केले होते. रेल्वेरुळाच्या अलीकडचे लोक एका मतदारसंघात, पलीकडचे दुसऱ्यात. त्रेचाळीस वर्षांत नऊ निवडणुका पाहिलेला जुना मतदारसंघ आता कागदोपत्रीच उरणार होता. अध्यक्षांनी ग्रंथपालबाईंना बोलावून सांगितलं, "चाळीस पानांची पुस्तिका करा. कोण उभं राहिलं, कोण निवडून आलं, का आलं. दोन महिन्यांत."

बाईंच्या निवृत्तीला आठ महिने होते. इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात गेली होती, आता स्वतःचं एक होणार म्हणून त्या कंबर कसून कामाला लागल्या. तळघरातल्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडले, शिंकून शिंकून नाक लाल केलं, निवडणूक कार्यालयात खेटे घालून निकालपत्रकं मिळवली.

पहिल्या निवडणुकीच्या वेळी इथे उपनगर नव्हतंच. वीटभट्ट्या होत्या आणि भाजीचे मळे होते. सर्वांत मोठा भट्टीवाला खासदार झाला आणि दोनदा झाला, कारण निम्मे मतदार त्याच्याच भट्ट्यांवर कामाला होते. मग कारखाने आले, कामगारांच्या वसाहती आल्या आणि डॉक्टर उभे राहिले. अर्ध्या उपनगराला त्यांनी कधी ना कधी सुई टोचलेली. पहिल्या खेपेला एकतीस हजारांनी निवडून आले, दुसऱ्या खेपेला बारा हजारांनी, तिसऱ्या खेपेला दोन हजारांनी. आणि सहाव्या निवडणुकीत, अठरा वर्षांपूर्वी, बस कंडक्टरांच्या संघटनेच्या पुढाऱ्याने त्यांना पाडलं. एकोणीस मतांनी. दोनदा फेरमोजणी झाली, आकडा हलला नाही. पुढे टोलेजंग इमारती उठल्या, मतदार दुप्पट झाले आणि मतदान निम्म्यावर आलं. पण लोकांच्या तोंडी अजून ती एकोणीस मतंच होती.

त्या पराभवावर बाईंनी सहा पानं लिहिली. चार कारणं दिली: रखडलेला पूल, बंद पडलेला कारखाना, कंडक्टरांचा यशस्वी संप आणि डॉक्टरांचा राजधानीत वाढलेला मुक्काम. एकेक कारण आकड्यांनिशी ठोकून बसवलं. मजकूर टाइप झाल्यावर त्यांनी तो मुद्रितं तपासायला थोरल्या भावाकडे दिला.

दादा त्यांच्याच घरी राहायचा. वहिनी गेल्यावर बाईंनी त्याला बखोटीला धरून आणलं होतं. वृद्धाश्रमाची बस चालवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. इतकी हळू चालवायचा की आश्रमातले लोक त्याला विमानचालक म्हणायचे. वाचायला मात्र पटाईत, काना-मात्रेची चूक त्याच्या नजरेतून सुटायची नाही.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला होता. समोर कागद पसरलेले, चहा निवून साय धरलेला.

"शहाणे," तो म्हणाला. बाईंना तो लहानपणापासून शहाणेच म्हणायचा. "हे सहावं प्रकरण चुकलंय."

"कुठे? ऱ्हस्व-दीर्घ?"

"कारण चुकलंय. त्या निवडणुकीत डॉक्टरांना मी पाडलं."

बाई हसल्या. मग त्याच्या तोंडाकडे पाहून हसायच्या थांबल्या.

दादाने सांगितलं ते असं. मतदानाच्या दिवशी आश्रमाच्या बसमधून सव्वीस जणांना केंद्रावर न्यायचं होतं. सकाळभर बस दुरुस्तीला होती, त्यामुळे निघायलाच सव्वापाच झाले. सहाला दार बंद होणार होतं. केंद्र समोर दिसू लागलं आणि मागून ओरडा झाला. आश्रमातले घड्याळजी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, छाती धरून सीटवरून घसरले होते. इस्पितळ उलट्या दिशेला, रेल्वे फाटकापलीकडे.

"केंद्र दोन मिनिटांवर होतं," दादा म्हणाला. "बाकीच्यांना आधी उतरवता आलं असतं."

"सव्वीस म्हातारी माणसं दोन मिनिटांत उतरतात?"

"नाही. वीस मिनिटं लागतात, मोजून. काठ्या, वॉकर, एकीची चाकाची खुर्ची. म्हणून मी बस वळवली. परत आलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. केंद्राधिकाऱ्याच्या हातापाया पडलो, ऐकेना. आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर ऐकलं. एकोणीस."

"घड्याळजींचं काय झालं?"

"त्यांना काय होतंय. पुढे सहा वर्षं जगले. पण शहाणे, आश्रमातली सगळी मतं डॉक्टरांचीच होती गं. खासदार व्हायच्या आधी ते दर गुरुवारी फुकट तपासायला यायचे. सगळी त्यांना देव मानायची. आणि ती सगळी मतं मी इस्पितळाच्या दारात नेऊन सोडली."

"अठरा वर्षं तू हे पोटात ठेवलंस?"

"सांगून काय होणार होतं?"

बाईंना रात्री धड झोप लागली नाही. भावाची कीव आली, आणि खरं तर आपली सहा पानं पाण्यात गेली याचंही वाईट वाटलं. सकाळी त्या थेट डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर आता चौऱ्याऐंशीचे होते. पुढच्या खोलीतला तपासणीचा पलंग अजून तसाच होता, त्यावर वर्तमानपत्रांची चळत. बाईंचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला हे त्याच आठवड्यात कळलं होतं," ते म्हणाले. "घड्याळजींना बघायला मी इस्पितळात गेलो होतो. त्यांनीच सांगितलं."

"मग तुम्ही दादाला कधी काही बोलला का नाहीत?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, खरं सांगू? पहिला महिनाभर मला त्याचा राग आला होता. डॉक्टर असून. माणूस मरत असताना बस का वळवलीस, असा राग! मग स्वतःची लाज वाटली. लाज वाटली म्हणून बोललो नाही, आणि नंतर ते राहूनच गेलं. तो समोर दिसला की मी रस्ता ओलांडायचो. त्याला वाटत असेल, मी अजून चिडलोय."

"त्याला तसंच वाटतं."

"त्याला पाठवून द्या माझ्याकडे."

पण बाईंमधली ग्रंथपाल एवढ्यावर थांबणारी नव्हती. एका माणसाच्या सांगण्यावर छापील इतिहास बदलायचा नाही, हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी बसमध्ये असलेल्यांपैकी एकच बाई आता हयात होती. टेलिफोन खात्यात नोकरी झालेली, म्हणून सगळे तिला टेलिफोनआजी म्हणत. बाई आश्रमात गेल्या तेव्हा आजी खिडकीपाशी पत्त्यांचा डाव लावत बसली होती.

"आठवतं ना," आजी म्हणाली. "न आठवायला काय झालं? फाटकात अडकलो तेव्हा विमानचालक इतका घामाघूम, मला वाटलं आता ह्यालाच उचलावं लागतंय."

"तुमची सगळ्यांची मतं वाया गेली."

"कंडक्टरची गेली बिचाऱ्याची."

बाईंना वाटलं आजीचं वय बोलतंय. "आजी, कंडक्टर विरुद्ध होता. तुम्ही डॉक्टरांना मत देणार होतात ना?"

"छे गं!" आजीने हातातला पत्ता खाली ठेवला. "डॉक्टर म्हणजे लाख माणूस. पण तीनदा निवडून दिला आणि गेला तो राजधानीला. त्याच्या जागी एक पोरगेलासा डॉक्टर यायचा, हात लावायच्या आधीच गोळ्या लिहायचा. तेव्हा आम्ही ठरवलं, ह्याला पाडू या. पडला की येईल परत दर गुरुवारी."

बाईंनी वही उघडली. "सगळ्यांनी ठरवलं होतं?"

"माझ्या टेबलावरच्या अकरा जणांनी तरी. बाकीच्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि बघ, आमच्याशिवायच पडला, आणि पुढच्याच महिन्यात बॅग घेऊन हजर! आम्ही म्हटलं, चला, काम झालं."

बाईंनी तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. सव्वीसांतले अकरा कंडक्टरचे, पंधरा डॉक्टरांचे धरले तर डॉक्टरांना चार मतांचा फायदा. फरक एकोणीसांचा. बस वेळेवर पोहोचली असती तरी डॉक्टर पंधरा मतांनी पडलेच असते.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा दादा बटाटे सोलत होता. सगळं ऐकेपर्यंत तो सोलतच राहिला. बाईंना वाटलं होतं, त्याचा जीव भांड्यात पडेल. पण तो भडकला.

"अकरा जण? माझ्या बसमध्ये बसून? एकेकाला हात धरून चढवायचो मी! आणि मी मेला अठरा वर्षं तोंड लपवत फिरतोय!"

"दादा, अरे, तू सुटलास."

"सुटलो कसला. ती अठरा वर्षं कोण परत देणार?" मग त्याच्या हातातला बटाटाच थांबला. "गोळ्या लिहिणारा तो पोरगेला डॉक्टर खरंच वाईट होता गं," तो म्हणाला आणि हसायला लागला. इतका हसला की डोळे पुसावे लागले, आणि शेवटी शेवटी ते हसूच होतं की नाही, हे बाईंना सांगता आलं नसतं.

सहाव्या प्रकरणातली चार कारणं बाईंनी ठेवली. खाली एवढंच जोडलं: "आजारी सहप्रवाशाला इस्पितळात नेल्यामुळे वृद्धाश्रमातले सव्वीस मतदार केंद्रावर वेळेत पोहोचू शकले नाहीत. ते सर्व डॉक्टरांचे मतदार होते असा समज आहे. त्याला आधार सापडला नाही."

प्रश्न उरला तो डॉक्टरांना आजीचं बोलणं सांगायचं की नाही. बाई म्हणाल्या, नको, या वयात कशाला? दादा म्हणाला, मी सांगणार. इस्त्रीचा शर्ट घालून तो एकटाच गेला आणि तीन तासांनी परत आला.

"काय म्हणाले?"

"आधी माझी माफी मागितली. मला कुठे बघावं कळेना. मग मी त्यांना आजीचं सांगितलं. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली, पाठ चोळावी लागली. म्हणाले, मला वाटायचं ती माणसं माझ्यासाठी हळहळली असतील. मग विचारलं, कोण कोण होते ते अकरा?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, डॉक्टर, मतदान गुप्त असतं," दादा म्हणाला आणि शर्ट बदलायला आत गेला.