किनेअर्डच्या खिडकीतून

किनेअर्ड साहेबांना इशबेलची ओळख पटली नाही. कशी पटणार? तिच्या आईच्या, जेसीबाईच्या, घरातली माणसं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पाहिले होते ते फक्त दोरीवरचे कपडे, आणि त्या कपड्यांपायीच त्यांनी इशबेलच्या आईचं घर काढून घेतलं होतं. शिकारीला आलेले पाहुणे बंगल्याच्या मोठ्या खिडकीत चहाला बसले, की समोर म्हणे जेसीबाईचे परकर फडफडतात, सगळ्या देखाव्याची शोभा जाते! स्कॉटलंडमधली ती अख्खी दरी साहेबांची, घर साहेबांचं, जेसीबाई भाडेकरू. बोलणार कोण? ती पोरीला घेऊन दरीपलीकडच्या सरकारी घरात गेली. साहेबांनी जुनं घर पाडलं, आणि तिचं नवं घरही दिसायला नको म्हणून बंगल्यासमोरच्या उतारावर स्प्रूसच्या उंच, सदाहरित झाडांची दाट रांग लावली. इशबेल तेव्हा शाळेत होती. तिनं तेव्हाच ठरवलं होतं, या माणसाला जे बघायचं नाही ते एक दिवस रोज बघायला लावीन.

आणि आता तोच माणूस इन्व्हर्नेस शहरातल्या नकाशे काढणाऱ्या कचेरीत, तिच्याच टेबलापाशी, ओला कोट न काढता उभा होता. त्याच्या डोंगरावर एक कंपनी पवनचक्क्या उभारणार होती. पूर्वेच्या डोंगरावर की पश्चिमेच्या, एवढंच ठरायचं होतं.

"पश्चिमेला वारा जास्त, चक्क्याही जास्त बसतील," साहेब म्हणाले. "पण माझ्या खिडकीतून एकही पातं दिसता कामा नये. गावाला दिसू देत हवं तर."

गावाला दिसू देत! इशबेलनं नकाशा उघडला.

काम तसं सरळ असतं. नकाशातल्या एका जागी माणूस उभा करायचा, त्याचा डोळा जमिनीपासून किती उंच ते सांगायचं, समोरची वस्तू किती उंच तेही सांगायचं. मग संगणक त्या डोळ्यापासून चहूकडे सरळ रेघा सोडतो. वाटेत टेकडी आडवी आली तर पलीकडचं लपलं, नाही आली तर दिसलं. दिसेल ते लाल, लपेल ते हिरवं. इशबेलनं नकाशात साहेबांना त्यांच्या आवडत्या खुर्चीत बसवलं, खिडकीकडे तोंड करून.

पश्चिमेचा सगळा डोंगर लालभडक झाला.

"हे काय!" साहेब कडाडले. "माझी झाडं कुठायत?"

"नियमाप्रमाणे आधी नुसत्या जमिनीचा नकाशा काढतात, साहेब. जमीन कुठं जात नाही. झाडं जातात."

"माझी झाडं कुठं जाणार? पाय फुटलेत का त्यांना? घाल झाडं!"

तिनं स्प्रूसची रांग घातली. झाडं अगदी खिडकीजवळची, त्यामुळे ती पुरून उरली. लाल रंग पुसला गेला आणि डोंगर हिरवागार झाला.

"हां! आता कसं! पूर्वेचा डोंगर तर नुसत्या जमिनीनंच लपतो, पण तिथं वारा कुठाय?" साहेब खूश झाले. "पश्चिमच ठरली."

"झाडं उभी आहेत तोवर," इशबेल म्हणाली.

"पोरी, तू नकाशे काढ. झाडांचं माझं मी बघतो."

त्यांना सावध करायला एक वाक्य पुरलं असतं. चक्कीचं पातं म्हणजे अख्खी गल्ली भरेल एवढं लांब, ते डोंगरावर न्यायचं तर वळण रुंद लागतं, आणि पश्चिमेची वाट बंगल्यासमोरच्या त्या रांगेतूनच जाते. दलदलीच्या मातीत स्प्रूसची मुळं वरवरचीच असतात, झाडं एकमेकांच्या आधारानं उभी राहतात. रांगेला एकदा खिंडार पडलं की पुढचं काम वारा करतो. हे दरीतल्या मेंढपाळालाही ठाऊक. पण मेंढपाळांशी बोलेल तर तो किनेअर्ड कसला? इशबेलच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तिनं ते गिळलं, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

साहेब गेल्यावर तिनं आणखी एक नकाशा काढला, फक्त स्वतःसाठी. झाडं पुसली, साहेबांना पुन्हा खुर्चीत बसवलं आणि समोर आईची कपड्यांची दोरी ठेवली.

लाल.

पुढं झालं ते कुणाला सांगावंच लागलं नाही. कंपनीनं करारावर बोट ठेवून वाटेपुरती झाडं तोडली, साहेब तणतणले, सही त्यांचीच होती. चक्क्या उभ्या राहिल्या, आणि पहिल्याच हिवाळी वादळात उरलेली रांग आडवी झाली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला.

"तू म्हणालीस दिसणार नाहीत! सगळ्याच्या सगळ्या दिसतायत! चहा घशाखाली उतरत नाही माझ्या!"

"झाडांचं तुमचं तुम्ही बघणार होतात, साहेब."

"कोण गं तू? नाव काय तुझं?"

"जेसीची इशबेल. कपड्यांच्या दोरीवाली जेसी."

इशबेलनं शांतपणे फोन ठेवला.

रविवारी ती आईकडे गेली. मधे काहीच उरलं नव्हतं, दरीपलीकडे बंगल्याची मोठी खिडकी लख्ख दिसत होती. तिथल्या अंगणात पाहुण्यांच्या गाड्या होत्या. जेसीबाई चर्चमधून आली, टोपीही न काढता मोरीत गेली आणि भिजवलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली.

इशबेल चपापली. रविवार देवाचा, त्या दिवशी या दरीत कुणी रुमालसुद्धा वाळत घालत नाही, आणि तिच्या आईनं तर रविवारी कधी सुईत दोरा ओवला नव्हता.

"आई, अगं आज रविवार!"

"ठाऊक आहे. तो सोमवारी एकटा असतो, पाहुणे आज आलेत." जेसीबाईनं सगळ्यात मोठा, लाल फ्लॅनेलचा परकर झटकला. "देवाशी काय बोलायचं ते मी बोलेन. तू चिमटे दे."

इशबेलनं चिमटे दिले. परकर वाऱ्यावर फुगला. दरीपलीकडे खिडकीचे पडदे भरदिवसा ओढले गेले, आणि जेसीबाईनं बादलीतून दुसरा परकर काढला.